गप्प राहायचा हक्क

साक्षीच्या पिंजऱ्यात ती जेमतेम चार मिनिटं उभी होती. न्यायाधीशांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं आणि जे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक होतं ते सावकाश सांगितलं. "आरोपीनं ज्यांचं नाव घेतलंय ते तुमचे सख्खे भाऊ आहेत. भावावर किटाळ येईल असं उत्तर द्यायला हे न्यायालय तुम्हाला भाग पाडू शकत नाही. बोलायचं की नाही, तुम्ही ठरवा."

"मी बोलणार नाही," ती म्हणाली. "तो माझा हक्क आहे आणि मी तो वापरते."

कारकुनानं ते टाइप केलं. आरोपीच्या बाकावर बसलेल्या लिफ्ट-मिस्त्रीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भलत्याच घराचं दार वाजवलं हे लक्षात आल्यावर माणूस ओशाळून बघतो, तसं त्यानं पाहिलं आणि परत आपल्या हातांकडे बघत बसला.

महिन्याभरानं त्याला आठ महिन्यांची कैद झाली. लिफ्टवर काम करायचा परवानाही गेला.

ती कायद्याच्या कॉलेजात प्राध्यापिका होती. पुरावा हाच तिचा विषय. त्या देशात जवळच्या नातेवाइकाला साक्षीची सक्ती करता येत नाही, हे कलम ती दरवर्षी शिकवायची आणि दरवर्षी एकच उदाहरण द्यायची. आईनं मुलाला चोरी करताना पाहिलं, तर कायदा त्या आईला पेचात टाकत नाही. मुलं माना डोलवायची. कायद्यालाही काळीज असतं, असं ती त्या तासाच्या शेवटी म्हणायची.

त्या मंगळवारी काय झालं होतं हे तिला लख्ख आठवत होतं. तिचा मोठा भाऊ लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं घ्यायचा. हाताखाली चार मिस्त्री होते आणि सगळे त्याला शेठ म्हणायचे, म्हणून घरातही थट्टेनं तेच नाव पडलं होतं. सकाळी दहाला तो ड्रिल मशीन घेऊन तिच्याकडे आला, कारण तिचं पुस्तकांचं कपाट भिंतीपासून सुटून पुढं झुकलं होतं. अब्बा त्याच्या हातात एकेक स्क्रू देत उभे होते.

"एवढी पुस्तकं वाचून शेवटी भांडायचंच ना, वकीलसाहेब?" अब्बा म्हणाले होते. "ते तर तू सातव्या वर्षापासून फुकटात करतेस."

अकराच्या सुमाराला भावाचा फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून, ड्रिल बंद न करताच तो बोलला. "बहिणीकडे आहे रे. हो, हो, ब्रेकचं लक्षात आहे. दुपारनंतर जातो." जेवण झाल्यावर तो कोचावर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा चार वाजले होते. "आता उद्या," असं म्हणून त्यानं चहा घेतला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशीही तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी एका सहा मजली दवाखान्याची लिफ्ट दार उघडं असतानाच खाली सरकली. बाहेर पडत असलेल्या परिचारिकेचा पाय मधे सापडला. तीन शस्त्रक्रिया झाल्या. नंतर ती कोर्टात आली ती काठी टेकत.

तपासात ब्रेक सैल निघाले. ते झिजून सैल झाले होते की कुणी उघडून धड बसवले नव्हते, हे तज्ज्ञांनाही खात्रीनं सांगता येईना. मशीनरूममधल्या नोंदवहीत मंगळवारची नोंद होती. सकाळी अकरा, ब्रेक तपासले, ठीक. खाली भावाची सही. बुधवारी मिस्त्री दाराची खाच साफ करायला गेला होता, त्याचीही नोंद होती. भाऊ म्हणाला, मी मंगळवारी तपासले तेव्हा ब्रेक उत्तम होते, बुधवारी यानंच काहीतरी उघडलं असणार. मिस्त्री म्हणाला, ब्रेक झिजलेत हे मी आठवडाभर आधी सांगितलं होतं. शेठ म्हणाले, मंगळवारी स्वतः बघतो. ते आलेच नाहीत, सही मागाहून केली. मी अकराला फोन केला तेव्हा ते बहिणीकडे होते.

म्हणून मिस्त्रीच्या वकिलानं बहिणीला साक्षीला बोलावलं.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ती अब्बांकडे गेली होती. अब्बा छापखान्यातून निवृत्त झालेले. गेली तीस वर्षं रोज दुपारी ते आसपासच्या मुलांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून धर्माचे पाठ शिकवायचे. तीही त्याच टेबलावर शिकली होती. साक्ष खरी द्यावी, मग ती स्वतःच्या विरुद्ध जावो, आईबापांच्या की रक्ताच्या माणसाच्या, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. माहीत असलेली साक्ष पोटात ठेवणं हे पाप आहे आणि ते थेट मनाला चिकटतं, हेसुद्धा.

त्या संध्याकाळी मात्र अब्बांनी विचारलं, "कायदा काय म्हणतो?"

"मी गप्प राहू शकते."

"मग राहा," ते म्हणाले. "कायदा सरकारचा आहे. त्यांनी विचार करूनच केला असेल."

आयुष्यभर ज्यांनी सरकारच्या कुठल्याही कागदावर दोनदा विचार केल्याशिवाय सही केली नव्हती, ते अब्बा असं म्हणाले. तिला ते खटकलं, पण सोयीचं होतं म्हणून तिनं ते तसंच ठेवलं. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. भाऊ एकोणीस वर्षांचा. त्यानं शिक्षण सोडून हातात पाना घेतला. तिला परीक्षेला स्कूटरवरून सोडणं, बाहेर तीन तास थांबणं, पेपर कसा गेला हे न विचारता फक्त तोंडाकडे बघून ओळखणं, हे सगळं त्यानं केलं. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं तिच्या जिवावर आलं. आणि खोटं तर ती बोलणारच नव्हती. नुसती गप्प राहणार होती.

मी खोटं बोलले नाही. हे वाक्य तिनं पुढची दोन वर्षं उशाशी ठेवलं.

मिस्त्री कैद भोगून बाहेर आला हे तिला वर्तमानपत्रातल्या दोन ओळींवरून कळलं. भावाचा धंदा सुरूच होता. तो तिच्याकडे येताना काही ना काही घेऊन यायचा, नळाची चकती बदलून जायचा, आणि त्या मंगळवारबद्दल एक अक्षर काढायचा नाही. तीही काढायची नाही. अब्बांनी मुलांना शिकवणं बंद केलं. डोळे साथ देत नाहीत म्हणाले.

मग कॉलेजनं एक नवा विषय सुरू केला. इस्लामी शिकवण आणि देशाचा कायदा, दोन्हींचा पाया. प्राचार्यांनी तो तिच्यावर सोपवला. "घरातूनच आलेलं ज्ञान आहे तुमचं," ते म्हणाले. "आम्ही शिकवायला गेलो तर गाईड वाचून शिकवू."

तिनं मन लावून तयारी केली. फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली आणि दोन रकाने केले. कायदा कुठून येतो, या पहिल्या प्रश्नावर पूर्ण आठवडा गेला. एकीकडे संविधान, विधिमंडळाचे कायदे, न्यायालयांचे निवाडे. दुसरीकडे ईश्वराचं वचन, प्रेषितांचं वागणं, जाणकारांचं एकमत, आणि जिथं थेट सांगितलेलं नाही तिथं साम्यावरून काढलेला निष्कर्ष. एका बाजूला बहुमतानं कायदा बदलता येतो. दुसऱ्या बाजूला मूळ बदलत नाही, त्याचा अर्थ लावण्यावर मात्र शतकानुशतकं वाद चालतात. एका मुलानं विचारलं, मग दोन्हीकडे वकिलांचं पोट भरतं म्हणायचं? वर्ग हसला, तीही हसली.

पुढचा प्रश्न होता, गुन्हा कुणाविरुद्ध असतो? देशाच्या कायद्यात तो राज्याविरुद्ध असतो. खटला राज्य चालवतं आणि शिक्षा माफ करायचा अधिकारही राज्याच्याच प्रमुखाला. इस्लामी शिकवणीत दोन हक्क वेगळे काढलेत, अल्लाचा आणि बंद्याचा, म्हणजे माणसाचा. अल्लाचा हक्क चुकवलात तर पश्चात्तापानं माफी मिळू शकते. माणसाचा हक्क मारलात तर आधी त्या माणसाच्या दारात जायचं. त्याची भरपाई करायची, त्याची माफी मागायची. ते तो सोडेल तेव्हाच सुटतं.

हे ती बोलत होती तेव्हा तिला आपला आवाज बारीक झाल्यासारखा वाटला. तिनं घोटभर पाणी पिऊन तास पुढं नेला.

वर्गात एक निवृत्त पोस्टमन यायचे. साठीचे, नीटनेटके, पहिल्या बाकावर बसणारे. मुलं त्यांना आजोबा म्हणायची आणि त्यांच्या वह्यांवर परीक्षा काढायची. साक्षीच्या तासाला त्यांनी हात वर केला.

"बाई, एक शंका आहे. कायदा म्हणतो, भावाविरुद्ध बोललं नाही तरी चालेल. शिकवण म्हणते, बोललंच पाहिजे. मग ज्याला दोन्ही लागू आहेत त्यानं काय करायचं? कुणाचं तरी एकाचं मोडणारच ना?"

"नाही," ती म्हणाली. उत्तर तिला पाठ होतं, इतकं सोपं होतं. "इथं दोन्हींची टक्कर होतच नाही. कायदा म्हणतो, बोलला नाहीत तरी चालेल. बोलू नका असं तो कुठंच म्हणत नाही. त्यानं दिलेली ती मुभा आहे. मुभा न वापरणं म्हणजे कायदा मोडणं नव्हे. अशा माणसानं खरं सांगितलं तर तो दोन्ही पाळतो."

आजोबांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि मान वर केली. "म्हणजे गप्प बसला तर त्याचं तो ठरवून बसला. कायद्यावर ढकलता येणार नाही त्याला."

"नाही येणार," ती म्हणाली.

तिनं खडू फळ्याच्या कडेला ठेवला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि वीस मिनिटं आधी वर्ग सोडला. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. खिडकीशी बसून ती आपल्याच हातांकडे बघत राहिली. चार मिनिटं. तेवढ्यात सांगून झालं असतं. मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी चार तो माझ्या घरी होता. एवढंच तर वाक्य होतं.

संध्याकाळी ती अब्बांकडे गेली. ते खिडकीत बसून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचत होते, चष्म्याशिवाय. तिला बघून त्यांनी घाईघाईनं पेपरची घडी केली.

"डोळे बरे आहेत की तुमचे," ती म्हणाली.

अब्बांनी घडी केलेला पेपर मांडीखाली सरकवला.

"मग मुलांना शिकवणं का सोडलंत?"

"साक्षीच्या त्या पाठापाशी आलो की आवाज निघेना," ते म्हणाले. "मुलं वाट बघायची. एकदा पान उलटून पुढं गेलो. त्यातल्या एका पोरीनं बरोबर पकडलं, म्हणाली, हे राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, डोळे गेले."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. "त्या दिवशी तुम्हीही घरात होतात, अब्बा. तुम्हीही फोन ऐकलात."

"मला कुणी बोलावलंच नाही कोर्टात," ते म्हणाले. "रोज पाच वेळा नमाजात वर हेच कारण सांगतो. मला कुणी बोलावलं नाही."

"मी आता जाऊन सांगणार आहे."

तिला वाटलं अडवतील, आणि आतून कुठंतरी तिला तेच हवंही होतं. अब्बा म्हणाले, "माझ्यानं नाही होणार. बाप आहे त्याचा, आणि भेकड आहे. तुला मात्र अडवत नाही. एकच कर. आधी त्याच्या तोंडावर जाऊन सांग. त्याला समन्सवरून कळू देऊ नकोस."

भाऊ त्याच्या कार्यशाळेत भेटला. लांबट खोली, एका भिंतीला लिफ्टची सुटी केलेली दारं टेकवून ठेवलेली, मधल्या टेबलावर तेलकट दातेरी चाकं. दोन मिस्त्री काम करत होते. तिचा चेहरा बघून त्यानं त्यांना चहाला पाठवलं.

"काय झालं? अब्बा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. भाई, मी कोर्टात जाणार आहे. त्या मंगळवारचं सांगायला."

तो हातातलं फडकं घेऊन बोटं पुसत राहिला. एकेक बोट, नखापासून मुळापर्यंत. "दोन वर्षांनी?"

"हो."

"त्याची शिक्षा भोगून झाली. तो बाहेर आहे. आता सांगून कुणाचं काय भलं होणार आहे?"

"त्याच्या माथ्यावर अजून गुन्हा आहे. परवाना गेलाय. आणि ते त्यानं केलेलंच नाही."

"मी मुद्दाम केलं का ते?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "डोळा लागला माझा. त्या बाईचा पाय सापडल्यावर मी महिनाभर झोपलो नाही. वहीत मागाहून सही केली. वाटलं, सहीच तर आहे. मग पोलीस आले, आणि एकातून दुसरं निघत गेलं."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं. तेव्हा गप्प बसलीस. म्हटलं, बहीण उभी राहिली पाठीशी." त्यानं फडकं टेबलावर टाकलं. "तेव्हाच बोलली असतीस तर मी तेव्हाच भोगलं असतं. तुझी भाबी तेव्हा धडधाकट होती, मुलं लहान होती, कळलं नसतं त्यांना. आता मुलगा नववीत आहे. तुझ्या त्या गप्प बसण्यावर मी दोन वर्षं घर उभं केलं, आणि आता तू येऊन म्हणतेस, जमीन माझी होती, परत दे."

त्यात खोटं काही नव्हतं. तिच्या गप्प बसण्यानं एकाचा नाही, दोघांचा घात केला होता.

"तू स्वतः जा, भाई," ती म्हणाली. "मी बरोबर येते. स्वतःहून सांगितलंस तर न्यायालय विचार करतं."

"हे वकिलाचं बोलणं झालं. घरी जा तू." थोडं थांबून तो म्हणाला, "कपाट नीट आहे ना? परत सुटलं तर दुसऱ्या कुणाला तरी बोलाव."

तिनं आठ दिवस वाट पाहिली. तो गेला नाही. नवव्या दिवशी सकाळी ती मिस्त्रीच्या वकिलाकडे गेली. त्यानं तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाई, त्या दिवशी तुम्ही पिंजऱ्यातून उतरलात ना, तेव्हाच मला खटला हरल्याचं कळलं होतं. माझ्या अशिलाला मी म्हटलं, त्या कायदा शिकवतात, खरं असतं तर बोलल्या असत्या. तो म्हणाला, खरं आहे म्हणूनच नाही बोलल्या."

अर्ज झाला, नवा पुरावा म्हणून खटला पुन्हा उघडला. या वेळी न्यायाधीश दुसरे होते. त्यांनीही तीच सूचना वाचून दाखवली आणि तिनं सांगितलं की तिला तो हक्क वापरायचा नाही. मग तिनं सगळं सांगितलं. ड्रिल, फोन, दुपारची झोप, चहा. सरकारी वकिलानं विचारलं, हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी का सांगितलं नाही? ती म्हणाली, "मला माझा भाऊ वाचवायचा होता." कायद्यातलं कुठलंही कलम तिनं पुढं केलं नाही. भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता. तिची साक्ष संपायच्या आत तो उभा राहिला आणि त्यानं आपल्या वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. दुपारी त्यानं कबुली दिली.

मिस्त्री निर्दोष ठरला. भावाला खोटी नोंद आणि निष्काळजीपणा यांसाठी सव्वा वर्षाची कैद झाली. कॉलेजनं तिला नोटीस दिली नाही, कारण तिनं कुठलाच नियम मोडला नव्हता. दोन सहकाऱ्यांनी तर तिचा हात हातात घेऊन धैर्याबद्दल कौतुक केलं. तिला ते अंगाला चिकटलेल्या ओल्या कापडासारखं वाटलं.

राज्याच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. तिच्या लेखी अर्धं राहिलं होतं.

मिस्त्री आता एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करत होता. परवाना परत मिळाला होता, पण त्यानं लिफ्टचं काम पुन्हा धरलं नव्हतं. तो लाँड्रीच्याच वरच्या दोन खोल्यांत राहायचा. ती रविवारी दुपारी गेली. दार त्यानंच उघडलं. ओळखलं, बाजूला झाला, खुर्ची पुढं केली आणि स्वतः उभाच राहिला.

"मी तुमची माफी मागायला आले," ती म्हणाली. वाक्य तिनं रस्ताभर घोळवलं होतं, आणि आता ते पाठ केल्यासारखंच बाहेर पडलं.

"कोर्टात झालं की सगळं," तो म्हणाला. "माझ्याकडे काय आता?"

"कोर्टात मी कोर्टाला सांगितलं. तुमचं जे गेलं ते तुमचं होतं. ते माफ करायचा हक्क कोर्टाला नाही, तुम्हालाच आहे."

त्यानं जरा विचार केला. "तुम्ही उशिरा का होईना, बोललात. लोक म्हणतात, मी तुमचे आभार मानले पाहिजेत. माझी बायकोही म्हणते." तो थांबला. "मला नाही जमत. मला रोज आठवतं ते एकच. तुम्ही पिंजऱ्यात चढलात तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. शिकलेली बाई, सरळ चेहऱ्याची. म्हटलं, सुटलो. शिक्षेचं नाही वाटत हो इतकं. त्या घडीभरात मी मनातल्या मनात घरी जाऊन पोहोचलोसुद्धा होतो."

तिनं मान खाली घातली. डोळे भरून आले, पण इथं रडणं म्हणजे त्याच्याकडून आणखी काही मागणं ठरेल, हे तिला कळत होतं. तिनं जीभ दातांखाली धरली.

"माफीचं मला आत्ता काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "दुसरं एक काम आहे. कराल?"

"सांगा."

त्यानं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी हातात पेन्सिल घेऊन दारात आली. "आम्ही हिला सांगितलं होतं की मी परगावी कामाला गेलोय," तो म्हणाला. "शाळेत दुसऱ्या मुलांनी खरं सांगितलं. आता मी सुटलो, निर्दोष आहे, असं सांगतो तर ही ऐकून घेते आणि काहीच बोलत नाही. एकदा खोटं बोललोय ना मी हिच्याशी. तुम्ही सांगा हिला."

दोन न्यायाधीशांसमोर ती उभ्यानं बोलली होती. ती खुर्चीवरून उठली आणि मुलीच्या उंचीला येईल अशी गुडघ्यावर बसली.

"तुझ्या बाबांनी काही चुकीचं केलं नव्हतं," ती म्हणाली. "चूक माझ्या भावाची होती. मला ते माहीत होतं. कोर्टानं मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही, म्हणून तुझ्या बाबांना जावं लागलं."

मुलीनं तिच्याकडे, मग बापाकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"तुम्हाला कुणी ओरडलं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही."

मुलगी थोडा वेळ पेन्सिलीचं टोक बोटावर दाबत उभी राहिली. मग बापाजवळ गेली, त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि म्हणाली, "बाबा, माझं चौथं गणित चुकतंय." तो तिच्यामागून आतल्या खोलीत गेला. आतून दोघांचं हळू बोलणं ऐकू येऊ लागलं, हातचा कुठला, वजा कशातून करायचं. ती इकडं बाहेरच्या खोलीत गुडघ्यावरच होती. जरा वेळानं स्वतःच उठली, दार हलक्या हातानं ओढून घेतलं आणि जिना उतरली. कुणी तिला निरोप दिला नाही आणि तिनंही त्याची वाट पाहिली नाही.

पुढच्या महिन्यात तुरुंगाचा भेटीचा दिवस आला. अब्बांना एकट्याला एवढा प्रवास झेपत नव्हता, म्हणून ती बरोबर गेली. फाटकातल्या शिपायानं यादी तपासली. भावानं भेटीसाठी बायको, मुलगा आणि बाप अशी तीन नावं दिली होती.

"तुम्ही बाहेर थांबा," शिपाई तिला म्हणाला. "यादीत नाही तुम्ही."

ती भिंतीलगतच्या लाकडी बाकावर बसली. शेजारी एक म्हातारी स्वेटर विणत होती, तिला जागा करून देण्यासाठी लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन ती सरकली. अब्बा काठी टेकत आत गेले. पाऊण तासानं परत आले तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला होता, पण ताठ चालत होते.

"कसा आहे?"

"वाळलाय. आतल्या कार्यशाळेत घेतलंय त्याला, पंखे दुरुस्त करतो." अब्बा तिच्या शेजारी बसले. "मी त्यालाही सांगितलं, मलाही माहीत होतं आणि मीही गप्प बसलो. म्हणाला, तुमचं मला ठाऊक होतं."

"माझं काही विचारलं?"

अब्बांनी खोटं सांगायचा क्षणभर विचार केला असावा. तिला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला आणि गेला.

"नाही," ते म्हणाले.

तिनं त्यांच्या हातातली काठी सरळ धरली, त्यांना उठायला हात दिला. फाटकाबाहेर बसथांब्यावर सावली नव्हती. अब्बा तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले.

"पुढच्या महिन्यात येशील?" त्यांनी विचारलं. "नावाशिवाय?"

"येईन," ती म्हणाली. "बाहेर बसेन."